टाकी एक, पोच्यासकट

२ मार्च

चि. भिंगरी,

आधी हिशेब, मग आशीर्वाद. धंद्यातल्या माणसाचं पत्र असंच सुरू होतं.

दादाच्या मोटरसायकलला आज बाजारात कोणी अठरा हजारांच्या वर देणार नाही, आणि जो देईल तो चाकं काढून बाकीचं भंगारात घालेल. ती तुझ्याकडे पाठवायची तर लाकडी पेटी सहा हजार, कारण लाकूड किडीचं औषध मारलेलं आणि शिक्का असलेलंच लागतं. जहाजाचं भाडं सतरा हजार. दोन्ही बंदरांतली हमाली आणि कागदपत्रं नऊ हजार. वाटेतला विमा अकराशे. तिकडे रस्त्यावर चालवण्यासाठी सहा महिन्यांचा विमा साडेचार हजार. झाले सदतीस हजार सहाशे, अठरा हजारांच्या गाडीला. माझी दलाली यात धरलेली नाही. एखाद्या गिऱ्हाइकाने असं मागितलं असतं तर मी त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं.

पण तू लिहिलंस की दादा रोज सकाळी उठून विचारतो, "गाडी कुठे लावलीय?" आणि तुमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की माणसं आणि वस्तू ओळखण्याचे फार तर सहा महिने राहिलेत, पुढचं सांगता येत नाही. सहा महिने म्हणजे आमच्या भाषेत एका पॉलिसीची मुदत. तेव्हा हिशेब बाजूला. चार वर्षांपूर्वी तुझ्याकडे येताना दादाने गाडी माझ्याकडे ठेवली तेव्हा एकच शब्द बोलला होता, "सांभाळ." ती येतेय.

तुला समजेल असं सांगतो. विमे दोन. पहिला पेटी इथे बंद झाल्यापासून तिथे उघडेपर्यंतचा. तो मी काढतो. दुसरा तुमच्या रस्त्यांवरचा. परक्या नंबरची गाडी तिथे त्याशिवाय कोपऱ्यापर्यंतही नेता येत नाही. तो तिथली कंपनी देईल, पण माझ्या अहवालावर. पेटी बंद करण्याआधी मी गाडीचा स्थिती अहवाल करतो. कुठे ओरखडा, कुठे गंज, कुठला भाग मूळ, कुठला बदललेला, सगळं लिहितो, फोटो काढतो, सही करतो. चौतीस वर्षं झाली. माझ्या अहवालात खोटी ओळ गेलेली नाही आणि माझा एक दावा परत आलेला नाही. गाड्यांच्या बाबतीत मी पहिल्यापासूनच असा. मी आयुष्यात गाडीवरून एकदाही पडलेलो नाही. विचार दादाला. तो मात्र पडलाय, ते सगळ्या घराला माहीत आहे.

फोन करत नाही, कारण फोनवरचं माझं बोलणं त्याच्या हातून दोन मिनिटांत निसटतं. पत्र हातात राहतं. वाचून दाखव.

तुझा काका


२१ मार्च

काका,

नमस्कार. वाकून केला असं समजा, कंबर धरलीय.

पत्र वाचून दाखवलं. तुमचा हिशेब बाबा बोटांवर मोजत होते आणि मी आकडा वाचायच्या आत म्हणाले, "सदतीस सहाशे." त्या दिवशी सकाळपासून माझं नाव त्यांना आठवत नव्हतं, पण बेरीज बरोबर आली. एकतीस वर्षं वजनकाट्यावर काढलेला माणूस. आकडे सगळ्यांत शेवटी जातील असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं.

"मी आयुष्यात एकदाही पडलेलो नाही" हे वाचलं तेव्हा हसले. मला वाटलं खोकला आला. पुन्हा वाचलं तर पुन्हा हसले. किती दिवसांनी हसले म्हणून मी ते वाक्य चार वेळा वाचलं. त्यात एवढं काय आहे ते मला सांगेनात. तुम्ही सांगा.

बाकी दिवस सारखेच जातात. मी दुपारची पाळी घेतलीय, म्हणजे सकाळ त्यांच्याबरोबर मिळते. दोन खोल्या, त्यातल्या रस्त्याकडच्या खोलीत त्यांची खुर्ची. खाली सायकली ठेवायची शेड आहे, तिथे गाडीला जागा मिळाली. एक गोष्ट लिहायची राहत होती. आमच्या रस्त्यावरून आगीचा बंब घंटा वाजवत गेला की ते उठून उभे राहतात आणि तो दिसेनासा होईपर्यंत बसत नाहीत. आवाजाचा त्रास होत असावा. मी खिडकीला जाड पडदा लावलाय.

सोबत इथल्या विमा कंपनीचा फॉर्म पाठवतेय. अकरावा प्रश्न पाहा: "या वाहनाला यापूर्वी अपघात झाला आहे काय? असल्यास चालवणारा कोण, बदललेले भाग कोणते?" मला एवढंच माहीत आहे की माझ्या जन्माआधी बाबा गाडीवरून पडले आणि तेव्हापासून गुडघा दुखतो. टाकीवर डाव्या बाजूला तो पोचा आहे, तो त्याच वेळचा ना? लहानपणी मी पुढे बसायचे तेव्हा हात त्या पोच्यात ठेवायचे. बाबा म्हणायचे, देवाने तुझ्या हातासाठी माप घेऊन केलाय. आता त्यांचा गुडघा तिथे बसतो. बसायचा.

तुम्हीच भरा आणि पाठवा.

तुमची
भिंगरी


४ एप्रिल

चि. भिंगरी,

हे पत्र दादाला वाचू नकोस. कामाचं आहे, कंटाळेल.

गाडी काल पेटीत गेली. पेट्रोल काढलं, बॅटरीची वायर सोडवली, हँडल सैल करून आडवं केलं, आरसे काढून कापडात गुंडाळले आणि चाकाला बांधले. पट्टे चार ठिकाणी. आमचा सुतार म्हणाला, "साहेब, एवढे पट्टे तर कोणी नव्या गाडीला घालत नाही." मी म्हटलं, नवीन गाडी नवीन मिळते. तो दिवसभर ते वाक्य सगळ्यांना सांगत होता.

सकाळी दुकानात एक जोडपं आलं होतं, दोन मोटरसायकलींवर सात देश फिरायला निघालेलं. नवरा विचारत होता, भूकंपाचा विमा आहे का, दंगलीचा आहे का, उंटाने धडक दिली तर आहे का.  शेवटी बायकोने एकच विचारलं, "मध्येच परत यावंसं वाटलं तर?" म्हटलं, बाई, तेवढं सोडून सगळ्याचा आहे.

पोच्याची काळजी करू नकोस. ज्या गाडीच्या अहवालावर माझी सही, ती पोचा घेऊन जहाजात चढत नाही. काढून टाकलाय. टाकी आता आरशासारखी आहे, तोंड दिसतं. दादा पाहील तर म्हणेल, धाकट्याने नवी करून पाठवली.

अकराव्या प्रश्नाला "नाही" लिहिलंय. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका "हो"च्या मागे दहा प्रश्न येतात आणि प्रत्येकाला महिना जातो, आणि महिने आपल्याकडे मोजके आहेत.

दादा कशाला हसला ते मला कसं माहीत असणार? आजारी माणूस कशालाही हसतो. मात्र तो पडदा काढ. खोलीत उजेड असू दे.

जहाज सात आठवड्यांनी पोचेल. पेटी उघडताना कंपनीचा माणूस हजर हवा. त्याआधी एक खिळासुद्धा काढू नकोस.

तुझा काका


२८ मे

काका,

गाडी चोवीस तारखेला आली. पेटीचा एक कोपरा चेपला होता, म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे हात न लावता कंपनीच्या माणसाची वाट पाहिली. त्याच्यासमोर उघडली. एक आरसा फुटलाय, बाकी सगळं सुखरूप. त्याचा दावा त्याने तिथेच लिहून घेतला आणि तुमचा अहवाल पाहून म्हणाला, असं काम आता कोणी करत नाही. मला तुमचा अभिमान वाटला, हे आधी लिहिते, कारण पुढचं तुम्हाला आवडणार नाही.

बाबांना खाली नेलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या चाकावर टिचकी मारली, सीटवर हात फिरवला. चेहरा खुलला होता. मग मी धरलं आणि ते चढून बसले. दोन्ही गुडघे टाकीला टेकवले. डावा गुडघा पुन्हा टेकवला, वर सरकवला, खाली सरकवला, जसं अंधारात पायाने चप्पल शोधावी तसं. मग उतरले.

"ही माझी नाही," म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, पोचा काकांनी काढून घेतलाय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परकी आहे. "धाकट्याने बदलली. माझी विकली आणि ही पाठवली. धाकटा खोटं बोलतो."

तेव्हापासून रोज हेच. आधी "गाडी कुठे लावलीय?" विचारायचे त्यात निदान गाडी आपली होती. आता विचारतात, "केवढ्याला विकली?" जेवण अर्धं टाकतात. मी चासीवरचा नंबर दाखवला, जुन्या पुस्तकाशी जुळवून दाखवला, आणि आकडे अजून कळणारा माणूस तो पाहून म्हणाला, "नंबर कोणीही ठोकतो."

एक पोचा ठेवला असता तर काय बिघडलं असतं, काका?

भिंगरी


१० जून

चि. भिंगरी,

आरशाचा दावा मंजूर झाला. सतरा दिवसांत. पैसे तुझ्या खात्यात येतील.

दादाचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. हा आजार असाच बोलतो. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाची आई स्वतःच्या पलंगावर झोपायला तयार नव्हती, म्हणायची शेजारणीचा आहे. पोचा ठोकून सरळ केला, रंग दिला, एवढंच झालंय. मी चांगलं करायला गेलो. गाडी तीच आहे, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

तू रस्त्याचा विमा पक्का कर आणि त्याला मागे बसवून एक फेरी मारून आण. इंजिनाचा आवाज ऐकला की ओळखेल. त्या गाडीचा आवाज मी हजारात ओळखतो आणि माझे कान अजून शाबूत आहेत.

केवढ्याला विकली म्हणतो? त्याला सांग, धाकटा म्हणाला अठरा हजारांच्या वर कोणी देत नव्हतं, म्हणून विकली नाही. हसेल.

तुझा काका


२५ जून

काका,

नाही हसले.

काल रस्त्याच्या विम्यासाठी कंपनीचा तपासनीस आला. बुटका, शांत माणूस, खिशात टॉर्च. एका हातात तुमचा अहवाल घेऊन एकेक भाग ताडून पाहत होता आणि मान हलवत होता. टाकीशी थांबला. झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग टाकीखाली टॉर्च मारून मला बोलावलं. या गाडीच्या साली झाकण फिरवून उघडायचं होतं, हे बिजागरीचं आहे. बिजागरी सहा वर्षांनी आली. आत कोणीतरी पांढऱ्या रंगाने एक आकडा लिहिलाय, भंगारवाले लिहितात तसा.

"टाकी ठोकून सरळ केलेली नाही. ही दुसऱ्या गाडीची टाकी आहे," तो म्हणाला. आणि अहवालात चौदाव्या रकान्यात तुमच्या अक्षरात आहे: "टाकी: मूळ, निर्दोष." खाली तुमची सही.

तो भला माणूस होता, म्हणून एवढंच म्हणाला की एक ओळ अशी निघाली तर बाकीच्या ओळींचं मी काय करू? टाकी कधी बदलली, का बदलली, अपघात झाला होता का आणि गाडी कोण चालवत होतं, हे ज्याने अहवाल केला त्याने सहीनिशी लिहून दिल्याशिवाय पॉलिसी मिळणार नाही. गाडी शेडमधून हलवायची नाही.

मला गाडीपेक्षा दुसरंच लागलंय. महिनाभर मी बाबांना सांगत होते की तुम्हाला भास होतोय. घरात खरं बोलणारे तेवढे एकटेच होते.

ठोकून सरळ केला, असं तुम्ही मला लिहिलंत. का?

भिंगरी


१८ जुलै

काका,

तुमचं पत्र नाही. काकूंना फोन केला तर म्हणाल्या, "दुकानात बसून असतात, शटर अर्धं ओढून." बरे आहात ना?

मी रागाने लिहिलं होतं, राग अजून आहे, पण तो बाजूला ठेवून लिहिते. बाबा आता गाडीचं विचारत नाहीत. परवा मी त्यांचा जुना फोटो दाखवला, तुम्ही दोघं गाडीशी उभे आहात तो. स्वतःला ओळखलं नाही. गाडीला ओळखलं. मग तुमच्यावर बोट ठेवून म्हणाले, "याला लागलं नाही ना?"

कोणाला, कधी, काय लागलं, मी खूप विचारलं. ते फोटोतल्या गाडीवरून बोट फिरवत राहिले.

वेळ फार नाही, काका.

भिंगरी


२९ जुलै

चि. भिंगरी,

हे पत्र दादाला वाचून दाखव. सगळं. मध्ये काही गाळू नकोस, मी सांगितलं तरी.

मी एकोणीस वर्षांचा होतो, दादा सव्वीसचा. गाडी त्याची, दोन वर्षांची. माझ्याकडे परवाना नव्हता. त्या दिवशी सकाळी मी हट्ट धरला आणि त्याने मला पुढे बसू दिलं, तो मागे. गोदामांच्या रस्त्याला वळणावर समोरून दुधाच्या बाटल्या घेऊन एक सायकलवाला आला. मला ब्रेक सापडला नाही. सायकलवाल्याचा पाय मोडला. दादाचा गुडघा गाडीखाली आला. टाकी कठड्याच्या दगडावर आपटली. मला खरचटलंसुद्धा नाही.

लोक धावत येत होते. दादा रस्त्यावर पडल्या पडल्या माझ्याकडे बघून बोलला, आणि पंचेचाळीस वर्षांत त्यातला एक शब्द मी विसरलेलो नाही. "तू चालवत नव्हतास. तू आयुष्यात गाडीवरून पडलेला नाहीस. कोणीही विचारलं तर हेच." बिनपरवान्याच्या माणसाने धडक दिली असं कळलं असतं तर विमा कंपनीने त्या सायकलवाल्याला एक पैसा दिला नसता आणि मी आत गेलो असतो. दादाने हे सगळं तेवढ्या वेळात जोखलं. त्याने जबाब दिला की गाडी तो स्वतः चालवत होता. सायकलवाल्याला भरपाई मिळाली, त्याचा पाय बरा झाला, मी स्वतः जाऊन पाहून आलो. ती कंपनी कधीच बंद झाली.

तुला जे माहीत नाही ते आता. दादाची त्या महिन्यात अग्निशमन दलात निवड झाली होती. बंबाचा चालक. शिवून आलेला गणवेश घरात खुंटीवर होता. अपघाताची नोंद परवान्यावर आली आणि त्यांनी नाव काढून टाकलं. मग वजनकाटा. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या किती भरल्यात ते त्याने लिहून घेतलं. तो बंब पाहून उठून उभा राहतो तेव्हा त्याला आवाजाचा त्रास होत नाही, भिंगरी. मी विमा कशासाठी शिकलो ते कोणी विचारलं की मी सांगतो, धंद्यात पैसा होता. त्या दिवशी विम्याचा कागद दादाच्या हातात होता आणि मला तो वाचता आला नव्हता, एवढंच कारण आहे.

तो म्हणाला तसं मी पाठ केलं. दहा वर्षांनी ते बोलताना अडखळायला होईना. वीस वर्षांनी मी ते फुशारकी म्हणून सांगू लागलो. तुला पहिल्याच पत्रात लिहिलं, त्याला वाचून दाखव असंही लिहिलं.

गाडी पाठवायची ठरली तेव्हा अहवाल करायला बसलो. प्रत्येक खुणेपुढे फॉर्मवर एक जागा असते: "नुकसानाचे कारण, माहीत असल्यास." सीट, मडगार्ड, सायलेन्सर, सगळं भरलं. टाकीशी पेन थांबलं. मला कारण माहीत होतं. ते लिहायला नको म्हणून मी टाकीच बदलली. भंगारबाजारात तीन दिवस फिरून जोडीची शोधली, रंग दिला. वाटलं, पोचा नाही तर प्रश्नही नाही. चौतीस वर्षं मी लोकांना हे करताना पकडतोय.

जुनी टाकी मी भंगारवाल्याला देत होतो. त्याने हात पुढे केला आणि मी ती परत काखेत मारून आणली. काकूने विचारलं, ही कशाला?  फायलींच्या कपाटावर पोत्यात गुंडाळून होती. ती विमानाने पाठवतोय. टाकी विमानात न्यायची तर पेट्रोलचा वास उरता कामा नये. तीनदा गरम साबणाच्या पाण्याने धुतली, नऊ दिवस उन्हात उघडी ठेवली, तरी विमान कंपनीचा माणूस नाक घालून म्हणाला, "अजून थोडा आहे." चौथ्यांदा धुतली. मला उशीर झाला त्याचं अर्धं कारण हे. उरलेलं अर्धं तू जाणतेस.

दुसऱ्या कागदावर त्या तपासनिसासाठी आधीच्या अहवालाची दुरुस्ती आहे. ती त्याला दे. आणि हा टाकीचा अहवाल तुझ्यासाठी:

स्थिती अहवाल, वाटेतल्या विम्यासाठी
वस्तू: मोटरसायकलची इंधनाची टाकी, एक. मूळ.
ठरवलेली किंमत: बाजारात काही नाही. मालकाच्या दृष्टीने गाडीएवढी.
रंग: मूळ, उजव्या बाजूला फिका.
खुणा: डाव्या बाजूला पोचा, लहान मुलाच्या पंजाएवढा, कडेला गंज.
नुकसानाचे कारण, माहीत असल्यास: माहीत आहे. वळणावर वेग जास्त होता.
त्या वेळी चालवणारा: मालकाचा धाकटा भाऊ. परवाना नव्हता.
दुरुस्ती: करू नये.

सही माझी आहे.

दादा, लागलं नव्हतं मला. तू पंचेचाळीस वर्षांत विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. मला लागलं नव्हतं.

धाकटा


६ सप्टेंबर

काका,

टाकी बावीस ऑगस्टला आली. एक ओरखडा नाही. इथल्या मेकॅनिकने दोन तासांत बसवली. तुमची आरशासारखी टाकी शेडच्या फळीवर ठेवलीय, शेजारी तिच्यात बघून केस विंचरतात.

तपासनिसाने तुमची दुरुस्ती दोनदा वाचली. मग विचारलं, "हे गृहस्थ अजून धंदा करतात?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "करू द्या." एक तारखेपासून पॉलिसी सुरू झाली.

त्याच सकाळी बाबांना खाली आणलं. आदल्या रात्री ते झोपले नव्हते, मला दोनदा "बाई, आपण कोण?" असं विचारून झालं होतं. शर्टाची बटणं मी लावली.  चढून बसले, आणि डावा गुडघा आपोआप गेला त्या जागी. तिथेच राहिला. बराच वेळ ते टाकीकडे न बघता समोर बघत बसले. मग म्हणाले, "हं." एवढंच. पण मागे सरकले, आणि पुढची जागा हाताने थोपटली. मला बस म्हणून.

मी सावकाश नेली. दोन गल्ल्या, मग मोठा रस्ता. माझ्या खांद्यावर त्यांचे हात होते. पहिल्या वळणाला कानाशी म्हणाले, "हळू, धाकट्या. परवाना नाहीये तुझ्याकडे." मी म्हटलं, बरं दादा. काय करणार होते दुसरं?

चौकात अग्निशमन केंद्र आहे. तिथे खांद्यावर दोनदा थापटलं, थांब म्हणून. दारं उघडी होती, आत लाल बंब, दोघंजण तो पुसत होते. बाबा गाडीवर बसूनच पाहत राहिले. मला वाटलं आता रडतील. ते म्हणाले, "मागच्या डाव्या चाकावर वजन जास्त पडतंय." पुसणाऱ्यांपैकी एकाने वाकून पाहिलं, आणि दुसऱ्याला हाक मारली. आम्ही परत आलो. पडदा काढून टाकलाय.

आता तुमच्या पत्राबद्दल. टाकी आली त्या दिवशी वाचलं नाही. फेरी मारून आल्यावर वाचलं, कारण त्या वेळी ते सगळ्यांत जास्त आपले होते. काही गाळलं नाही. खुर्चीत डोळे मिटून बसले होते, झोपले असं वाटत होतं, पण सायकलवाल्यापाशी त्यांचा हात गुडघ्यावर गेला आणि गणवेशापाशी त्यांनी डोळे उघडले. शेवटपर्यंत ऐकलं. "लागलं नव्हतं मला" हे वाचलं तेव्हा मान हलवली, दोनदा, एखादा ट्रक काट्यावर बरोबर भरला की हलवायचे तशी.

मग मी विचारलं, बाबा, काका लिहितात की ते त्या दिवशी पडले, तेव्हा आयुष्यात एकदा पडले. काय लिहू त्यांना?

काका, गेले दोन महिने त्यांना काल काय झालं ते सांगता येत नाही. पण हे त्यांनी जराही न अडखळता सांगितलं, आणि मी शब्द न शब्द लिहून घेतलाय.

"एकदा कुठला. तीनदा पडलाय तो. दोनदा तर गाडी उभी असताना."

तुमची
भिंगरी